थॉमस किड : सूडाच्या शोकान्तिकेचा आद्य नाटककार

इंग्रजी नाटकांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे बोलण्यास सुरुवात शेक्सपियरपासून होते आणि बहुधा शेवटहि तेथेंच होतो. परंतु ज्या रंगभूमीवर शेक्सपियरनें पाऊल ठेविलें, तिचा पाया त्याच्यापूर्वींच्या कांहीं नाटककारांनीं घातला होता. त्यांपैकीं थॉमस किड याचें चरित्र विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. किडचें एक नाटक त्याच्या काळीं लंडन शहरांत लहानथोरांच्या तोंडीं झालें होतें. पण त्याच्या छापील प्रतींवर कर्त्याचें नांव मात्र कधींच आलें नाहीं. दोन माणसें समोरासमोर आणावीं, त्यांच्यांतील एकाला जें ठाऊक आहे तें दुसऱ्यास कळूं देऊं नये, आणि प्रेक्षकांची उत्कंठा शेवटच्या घटकेपर्यंत ताणून धरावी, ही विद्या इंग्रजी नाटकास ज्यानें शिकविली, त्याच्या स्वतःच्या आयुष्यांतहि असाच एक प्रसंग आला. आणि त्यांतून तो पुनः उठला नाहीं.

थॉमस किडचा बाप्तिस्मा ६ नोव्हेंबर १५५८ रोजीं लंडन येथील सेंट मेरी वूलनॉथ या देवळांत झाला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं एलिझाबेथ राणी गादीवर आली; म्हणजे किडचें सारें आयुष्य तिच्याच अमदानींत गेलें असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याचे वडील फ्रान्सिस किड यांचा धंदा दस्तऐवज लिहिण्याचा होता. खरेदीखतें, कर्जरोखे, मृत्युपत्रें, अर्ज हे सर्व कागद सुवाच्य हस्ताक्षरांत व कायद्याच्या भाषेंत लिहून देणारांचा लंडनमध्यें एक स्वतंत्र संघच होता. अशा घरांत वाढलेल्या मुलास कागदाची किंमत लहानपणींच कळली असली पाहिजे. एका कागदानें माणूस घरादाराचा धनी होतो, आणि दुसऱ्या एका कागदानें तो रस्त्यावर येतो. किडच्या हातचीं कांहीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत; त्यांतील वळणदार अक्षर पाहून, त्यानेंहि कांहीं काळ बापाचाच धंदा केला असावा, असा तर्क विद्वान् करितात. वाचकांनीं ही कागदाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें कारण पडणार आहे.

किड सात वर्षांचा होण्याच्या सुमारास, २६ ऑक्टोबर १५६५ रोजीं, त्याचें नांव मर्चंट टेलर्स या शाळेंत दाखल झालें. ही शाळा १५६१ सालीं लंडनच्या शिंपी व कापडवाले यांच्या संघानें स्थापिली होती. रिचर्ड मल्कास्टर हे तिचे पहिले हेडमास्तर. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यांच्या अंगच्या गुणांस वाव देणारे असे हे गुरुजी होते. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांबरोबरच गायनवादन व नाट्याभिनय यांचेंहि शिक्षण ते मुलांस देत. मुलांच्या अंगीं धीटपणा यावा व चारचौघांत नीट वागण्याबोलण्याची संवय लागावी म्हणून ते त्यांच्याकडून नाटकें बसवून घेत, आणि तीं राणीच्या दरबारींहि होत. फेअरी क्वीन हें महाकाव्य लिहिणारा कवि एडमंड स्पेन्सर याच शाळेचा विद्यार्थी. शाळेच्या संमेलनांत मुलांनीं नाटक करणें म्हणजे अभ्यासाचा वेळ फुकट घालविणें, असें ज्या पालकांस वाटतें त्यांनीं या हेडमास्तरांचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंति आहे.

किड विद्यापीठांत गेल्याचा कोठें दाखला नाहीं. त्या काळच्या नाटककारांत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांचा मोठा दिमाख असे आणि पदवी नसलेल्या लेखकांस ते टोमणे मारीत. किडनें विद्यापीठाची उणीव घरच्या वाचनानें भरून काढिली. तो लॅटिन, फ्रेंच व इटालियन वाचूं शके. इटालियन कवि तास्सो याच्या गृहव्यवस्थेवरील एका पुस्तकाचें १५८८ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी भाषांतर त्याचेंच समजतात. परंतु त्याच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो सेनेका या प्राचीन रोमन नाटककारानें. सेनेकाच्या नांवावर चालणाऱ्या दहा शोकान्तिका १५८१ सालीं इंग्रजींत एकत्र प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांत सूड आहे, पिशाचें आहेत, भयंकर हत्या आहेत. पण बराच भाग लांबलचक भाषणांत जातो. इकडे लंडनमध्यें १५७६ सालीं जेम्स बर्बेजनें नाटकांसाठीं खास बांधलेलें नाट्यगृह उघडलें होतें, आणि १५८७ सालीं थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर रोझ नांवाचें दुसरें नाट्यगृह उभें राहिलें. तेथें भर दुपारीं, उघड्या आकाशाखालीं, खेळ होत. उभें राहून पाहणारा एक पेनी देई, आणि कंटाळा आला तर ओरडण्यासहि कमी करीत नसे. अशा प्रेक्षकांना केवळ भाषणें ऐकवून भागणार नव्हतें. सेनेकाचा सूड आणि लंडनचा प्रेक्षक यांची गांठ घालून देण्याचें काम किडनें केलें. त्या नाटकाचें नांव द स्पॅनिश ट्रॅजेडी. तें नक्की कोणत्या वर्षीं लिहिलें हें सिद्ध झालेलें नाहीं. १५८२ ते १५९२ या दहा वर्षांतील तें आहे, आणि पुष्कळांचा कल १५८७ च्या आसपासच्या काळाकडे आहे.

नाटकाचें कथानक थोडक्यांत असें. स्पेन व पोर्तुगाल यांच्या युद्धांत आंद्रेआ नांवाचा स्पॅनिश वीर पोर्तुगालच्या व्हाइसरॉयचा मुलगा बाल्थाझार याच्या हातून मारला जातो. आंद्रेआचें पिशाच व मूर्तिमंत सूड हीं दोघें अगदीं आरंभीं रंगभूमीवर येऊन बसतात आणि शेवटपर्यंत प्रेक्षकांप्रमाणेंच सर्व पाहत राहतात. आंद्रेआची प्रेयसी बेल-इंपीरिया ही स्पेनच्या राजाची पुतणी. तिचें मन पुढें आंद्रेआचा मित्र होरेशियो याच्यावर बसतें. होरेशियो हा राजाचा न्यायाधिकारी हिरोनिमो याचा एकुलता एक मुलगा. बेल-इंपीरियाचा भाऊ लोरेंझो याला मात्र बहिणीचें लग्न कैद करून आणलेल्या बाल्थाझारशीं व्हावें असें वाटतें. लोरेंझो व बाल्थाझार मिळून होरेशियोचा खून करितात, आणि ज्याचें सारें आयुष्य इतरांना न्याय देण्यांत गेलें त्या वृद्ध बापास आपल्या मुलासाठीं न्याय मागत दारोदार फिरावें लागतें.

आतां, अशा कथानकांत उत्कंठा कोठून येते? खून कोणीं केला हें प्रेक्षकांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. म्हणजे रहस्य असें कांहींच उरत नाहीं. किडचें कौशल्य हेंच कीं, त्यानें रहस्य प्रेक्षकांपासून लपविलें नाहीं, पात्रांपासून लपविलें. त्यामुळें दोन पात्रें एकमेकांसमोर आलीं कीं प्रेक्षकांचें काळीज धडधडूं लागतें. आतां बोलेल, आतां कळेल, आतां तलवार उपसली जाईल असें वाटतें, आणि पुष्कळदां तसें कांहींच न होतां पात्रें निघून जातात. ताण मात्र मागें राहतो व पुढच्या भेटीच्या वेळीं दुणावतो. यांतील कांहीं भेटी आपण क्रमानें पाहूं.

पहिली गांठ राजदरबारांतली. बाल्थाझारला रणांगणावर कैद कोणीं केलें यावर लोरेंझो व होरेशियो यांचा वाद लागतो. राजा खुद्द कैद्यासच विचारतो. कैदी म्हणतो कीं एकानें गोड बोलून जिंकलें व दुसऱ्यानें बळानें. मग राजा निवाडा करितो : घोडा व शस्त्रें लोरेंझोला, खंडणीचे पैसे होरेशियोला. वरवर पाहतां किती समंजस निवाडा! पण राजाचा पुतण्या आणि एका नोकराचा मुलगा एकाच तराजूंत तोलले गेले हा सल लोरेंझोच्या मनांत शिरतो. रक्ताचा एक थेंबहि न सांडतां किडनें येथें वैराचें बीं पेरलें आहे.

दुसरी गांठ लोरेंझो व बेल-इंपीरियाचा नोकर पेद्रिंगानो यांची. मालकिणीचें प्रेम कोणावर आहे हें सांगण्यास नोकर कांकूं करितो. लोरेंझो तलवार उपसतो. नोकर घाबरून होरेशियोचें नांव सांगतो. लगेच लोरेंझो त्याच्या हातावर सोनें ठेवितो. भय आणि लोभ यांच्यामध्यें माणूस किती लवकर विकला जातो हें या लहानशा प्रवेशांत दिसतें. त्यानंतरच्याच प्रवेशांत होरेशियो व बेल-इंपीरिया प्रेमाच्या गोष्टी बोलत आहेत आणि वरच्या सज्जांतून लोरेंझो व बाल्थाझार त्या ऐकत आहेत असें दाखविलें आहे. खालीं प्रेमाचा एक शब्द निघतो आणि वर त्याला द्वेषाचें उत्तर मिळतें. पण तें उत्तर प्रेमिकांच्या कानीं पडत नाहीं, प्रेक्षकांच्या मात्र पडतें. शेजारच्या माणसास सावध करावें आणि त्यानें ऐकूं नये, अशी प्रेक्षकांची अवस्था होते. रात्रीं हिरोनिमोच्या बागेंतील लतामंडपांत भेटण्याचा बेत ठरतो, आणि त्याच मंडपांत होरेशियोला फांसावर लटकावून भोंसकतात. किंकाळी ऐकून हिरोनिमो अंथरुणांतून उठून तसाच बाहेर येतो, कोणा अनोळखी माणसाचें म्हणून प्रेत खालीं उतरवितो, आणि मग त्याला आपल्या मुलाचा चेहरा दिसतो. भर दुपारच्या उजेडांत, केवळ रात्रीच्या पोशाखानें व शब्दांनीं, किडनें हा काळोख उभा केला होता.

यापुढच्या भेटींत कागद येतात. कोंडून ठेविलेली बेल-इंपीरिया रक्तानें लिहिलेली चिठ्ठी खालीं टाकते; तींत खुन्यांचीं नांवें असतात. हिरोनिमो न्यायाधीश आहे. एका चिठ्ठीवर तो विश्वास ठेवीत नाहीं. कदाचित् हा आपणांस फशीं पाडण्याचा डाव असेल असें वाटून तो बेल-इंपीरियास भेटावयास जातो, आणि समोर येतो लोरेंझो. तो आपलें काम मजजवळ सांगा म्हणून आग्रह करितो. हिरोनिमो क्षुल्लक काम आहे असें म्हणून परत फिरतो. दोघांच्या तोंडून एकहि कठोर शब्द निघत नाहीं. परंतु या चार वाक्यांच्या भेटीनें लोरेंझोच्या मनांत शंका येते कीं आपल्या साथीदारांपैकीं कोणी तरी फुटलें असावें. आणि त्या शंकेपायीं तो पेद्रिंगानोकडून दुसऱ्या साथीदारास ठार मारवितो व पेद्रिंगानोसहि त्याच वेळीं पकडवितो. न बोललेल्या शब्दानें दोघांचे प्राण घेतले.

मग येतो रिकाम्या पेटीचा प्रवेश. पेद्रिंगानोला न्यायासनापुढें उभें केलें जातें, आणि न्यायासनावर असतो हिरोनिमो. आपल्यापुढें उभा असलेला गुन्हेगार आपल्या मुलाच्या खुनांत सामील होता हें न्यायाधीशास ठाऊक नाहीं. लोरेंझोनें एक पोऱ्या पेटी देऊन पाठविला आहे, तींत राजाचें माफीपत्र आहे अशा समजुतीनें गुन्हेगार बेफिकीर थट्टा करीत आहे. पोऱ्यानें वाटेंत पेटी उघडून पाहिली आहे; ती रिकामी आहे. प्रेक्षक हंसतात, आणि हंसतां हंसतां त्यांना शहारे येतात. पेद्रिंगानो फांशीं जातो, आणि त्याच्या अंगावर सांपडलेलें पत्र फांसावर चढविणारा नोकर हिरोनिमोकडे आणून देतो. आतां दुसरा पुरावा मिळाला, शंका संपली.

पुरावा मिळूनहि न्याय मिळत नाहीं. हिरोनिमो राजापुढें जाऊन ओरडतो, पण मध्यें लोरेंझो उभा असतो. राजा वाईट नाहीं. होरेशियो मेला आहे हेंच त्याला माहीत नाहीं! दुःखानें भान सुटलेला म्हातारा खंजीरानें जमीन उकरूं लागतो, आणि दरबार त्यास वेडा समजतो. पुढच्या एका प्रवेशांत तो हातांत पुस्तक घेऊन येतो. सूड घेणें हें देवाचें काम आहे, मनुष्याचें नव्हे, हें शास्त्रवचन त्याला आठवतें. क्षणभर तो थांबतो. आणि मग हातांतील सेनेका उघडून उलट दिशेस वळतो. आमच्या मतें सबंध नाटकांतील सर्वांत मोठी गांठ हीच होय, कारण येथें हिरोनिमोच्या समोर हिरोनिमोच उभा आहे. इतक्यांत त्याच्याकडे अर्ज घेऊन कांहीं लोक येतात. त्यांत एक म्हातारा असतो. त्याच्याहि मुलाचा खून झालेला आहे. दुसऱ्याचें दुःख ऐकून घेणारा अधिकारी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि त्यांत त्याला आपलेंच तोंड दिसतें. तो इतरांचे अर्ज फाडून टाकितो. दस्तऐवज लिहिणाऱ्या बापाच्या मुलानें हा प्रवेश लिहिला आहे हें विसरूं नये.

शेवटीं लोरेंझोचा बाप दोघांची दिलजमाई करावयास बसतो. हिरोनिमो शांतपणें बोलतो, शत्रूस आलिंगन देतो, आणि हें शांत आलिंगन मागच्या सर्व आरडाओरड्याहून अधिक भयंकर वाटतें. याच सुमारास आंद्रेआच्या पिशाचास दिसतें कीं शेजारीं बसलेला मूर्तिमंत सूड चक्क झोंपी गेला आहे! तें त्यास हलवून जागें करितें. प्रेक्षकांचा धीर सुटत चालला आहे हें किडला ठाऊक होतें. तो धीर सुटण्याची वेळच त्यानें नाट्यरूपानें दाखविली. मग लग्नसमारंभासाठीं हिरोनिमो राजपुत्रांकडूनच एक नाटक बसवून घेतो. प्रत्येकानें निरनिराळ्या भाषेंत बोलावें, लॅटिन, ग्रीक, इटालियन व फ्रेंच, अशी त्याची अट असते. कोणाचें कोणास नीट कळत नाहीं, आणि नाटकांतले खोटे खंजीर खरे ठरतात. लोरेंझो व बाल्थाझार मरून पडतात, बेल-इंपीरियाहि स्वतःस भोंसकून घेते, आणि राजा व व्हाइसरॉय अभिनय छान झाला म्हणून वाखाणणी करितात. मग हिरोनिमो पडदा सारून आपल्या मुलाचें प्रेत दाखवितो. आतां सर्वांना त्याच्याकडून ऐकावयाचें असतें. तो स्वतःची जीभ चावून तोडतो. ज्याचें बोलणें कोणी ऐकलें नाहीं, त्यानें आतां बोलण्याचेंच नाकारलें. लेखणी तासावयास दिलेल्या चाकूनें तो लोरेंझोच्या निरपराध बापास मारतो व स्वतःसहि संपवितो. न्यायासाठीं निघालेला माणूस अन्याय करून थांबला. सूडाचा शेवट किडनें येथें आणून ठेविला आहे.

हें नाटक विलक्षण लोकप्रिय झालें. १५९२ च्या मार्चपासून रोझ नाट्यगृहांतील त्याचे प्रयोग तेथील मालक फिलिप हेन्सलो याच्या हिशेबाच्या वहींत नोंदलेले आहेत. १६३३ पर्यंत त्याच्या निदान दहा आवृत्त्या निघाल्या, आणि हॉलंड व जर्मनीतहि त्याचीं रूपान्तरें झालीं. १६१५ च्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर लाकडी ठशाचें एक चित्र आहे : मंडपांत लटकणारा होरेशियो, मशाल घेतलेला हिरोनिमो, ओरडणारी बेल-इंपीरिया आणि तिला ओढणारा लोरेंझो. १६०२ च्या आवृत्तींत हिरोनिमोच्या वेडाचे कांहीं नवे प्रवेश घातले गेले. ते बेन जॉन्सनचे असावेत असें पूर्वीं समजत, कारण अशा भरीबद्दल हेन्सलोनें त्यास पैसे दिल्याची नोंद आहे. अलीकडे २०१३ पासून ते शेक्सपियरचे असावेत या मतास अधिक बळ आलें आहे. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्येंहि पिशाच आहे, सूडास लागलेला विलंब आहे, वेडाचें सोंग आहे, नाटकांतलें नाटक आहे, आणि होरेशियो हें नांवहि आहे. हॅम्लेटवर त्यापूर्वीं एक नाटक होतें व तें किडचें असावें, असा तर्क १५८९ च्या एका लेखांतील कोटीवरून करण्यांत येतो. तें नाटक आज उपलब्ध नाहीं. पुढें गोपाळ गणेश आगरकर यांनीं हॅम्लेटचें विकारविलसित हें मराठी रूपान्तर १८८३ सालीं प्रसिद्ध केलें आणि शाहूनगरवासी नाटक मंडळींत गणपतराव जोशी यांनीं त्यांतील चंद्रसेनाची भूमिका गाजविली. चंद्रसेन पाहून ज्यांचे डोळे भरून आले, त्या महाराष्ट्रीय प्रेक्षकांपर्यंत किडच्या विद्येचा एक धागा नकळत येऊन पोंचला होता.

आतां किडच्या आयुष्यांतील तो प्रसंग. १५९३ च्या वसंतऋतूंत लंडनमध्यें हॉलंड व फ्रान्स येथून आश्रयास आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध मोठा असंतोष माजला होता. ५ मे रोजीं डच लोकांच्या देवळाच्या आवाराच्या भिंतीवर त्यांना धमकी देणारी एक निनांवी कविता चिकटविलेली आढळली. लिहिणारा कोण हें शोधून काढण्यासाठीं राणीच्या प्रिव्ही कौन्सिलनें संशयितांच्या घरांची झडती घेण्याची व जरूर पडल्यास यातना देऊन जबाब घेण्याचीहि मुभा दिली. १२ मे रोजीं किडला अटक झाली. शोध होता एका कागदाचा, सांपडले दुसरेच. त्याच्या कागदपत्रांत येशू ख्रिस्ताच्या देवत्वाविरुद्ध युक्तिवाद असलेलीं कांहीं पानें निघालीं. त्या काळीं अशा मजकुराची शिक्षा प्राणान्त होऊं शके. किडनें सांगितलें कीं हीं पानें आपलीं नव्हेत. सुमारें दोन वर्षांपूर्वीं नाटककार क्रिस्तोफर मार्लो व आपण एकाच खोलींत लिहीत बसत असूं, तेव्हां त्याचे कागद आपल्या कागदांत मिसळले असावेत. विधिघटना पाहा : तीं पानें म्हणजे १५४९ सालीं छापलेल्या एका पुस्तकांतील उताऱ्याची नक्कल होती, आणि तें पुस्तक त्या मतांचें खंडन करण्यासाठींच लिहिलेलें होतें, हें विद्वानांनीं विसाव्या शतकांत दाखवून दिलें.

ज्यानें रक्ताची चिठ्ठी, रिकामी पेटी आणि फाडलेले अर्ज रंगभूमीवर आणले, त्याच्यावर असे कागदाचेच बालंट आलें. त्याच्या नाटकांत प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा यांच्यामध्यें निदान शब्दांची बरोबरी असे. येथें ती नव्हती. आपणांस यातना भोगाव्या लागल्या हें त्यानें पुढें स्वतः लिहिलें आहे. मार्लोलाहि कौन्सिलनें बोलावून घेतलें आणि रोज हजेरी देण्याच्या अटीवर मोकळें ठेविलें; पण ३० मे १५९३ रोजीं डेटफर्ड येथें एका घरांत झालेल्या मारामारींत तो मारला गेला.

सुटका झाल्यावर किडनें लॉर्ड कीपर सर जॉन पकरिंग यांस पत्रें लिहिलीं. तो कांहीं वर्षें एका सरदाराच्या पदरीं होता, आणि संशय आल्यामुळें त्या सरदारानें त्यास दूर केलें होतें. तो आश्रय परत मिळावा म्हणून ही खटपट होती. या पत्रांत त्यानें मार्लोवर धर्मनिंदेचा आरोप केला, त्याच्या रागीट व निर्दय स्वभावाचें वर्णन केलें, आणि अशा माणसाशीं आपली मैत्री असणें शक्य नाहीं असें प्रतिपादिलें. मार्लो उत्तर देण्यास जिवंत नव्हता. एका खोलींत बसून लिहिणाऱ्या सोबत्याविषयीं किडनें असें लिहावें, हें वाचून वाईट वाटतें. परंतु त्याचे हात ज्यांनीं पिळले त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव आपण घेत नाहीं, आणि दोष मात्र त्याला देतों, हें न्यायाचें होणार नाहीं. मेलेल्यावर आतां आंच येणार नाहीं, जिवंताची मात्र सुटका होईल, असेंहि त्याच्या मनानें त्यास समजाविलें असेल. आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. पण निकाल देण्यापूर्वीं आपणहि त्या जागीं क्षणभर उभे राहून पाहावें असें आम्हांस वाटतें.

सरदाराचा आश्रय परत मिळाल्याचा कोठेंहि उल्लेख नाहीं. १५९४ सालीं किडनें रोबेर गार्निए या फ्रेंच नाटककाराच्या कोर्नेली या शोकान्तिकेचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. ससेक्सच्या काउंटेसला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेंत त्यानें आपल्या कडू दिवसांचा व भंगलेल्या मनाचा उल्लेख केला असून पुढें असेंच आणखी एक नाटक देण्याचें वचन दिलें आहे. तें वचन पुरें करण्यास तो उरला नाहीं. १५ ऑगस्ट १५९४ रोजीं लंडनच्या सेंट मेरी कोलचर्च येथें त्याचें दफन झालें. वय पस्तीस. डिसेंबरच्या अखेरीस त्याच्या आईबापांनीं त्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचें नाकारलें. मुलानें मागें ठेविलेलें कर्ज मिळकतीहून अधिक असावें, असाच याचा अर्थ बहुतेक जण करितात. ज्यानें मुलासाठीं वेडा होणारा बाप लिहिला, त्याच्याविषयींचा शेवटचा कागद आईबापांच्या नकाराचा आहे. तें देऊळहि १६६६ च्या मोठ्या आगींत भस्म झालें व पुनः बांधलें गेलें नाहीं.

नांव मात्र परत मिळालें, तें एका ओझरत्या उल्लेखामुळें. १६१२ सालीं टॉमस हेवुड या नाटककारानें नटांच्या बाजूनें लिहिलेल्या पुस्तकांत जातां जातां हें नाटक किडचें आहे असें म्हटलें होतें. १७७३ सालीं टॉमस हॉकिन्स या संपादकाच्या नजरेस तें पडलें, आणि जवळजवळ दोन शतकांनीं किड आपल्या नाटकाचा धनी ठरला. हेवुडनें तें एक वाक्य लिहिलें नसतें तर आज हें चरित्र लिहिण्यास आम्हांस नांवच नसतें. दुसऱ्याच्या कामाचा योग्य ठिकाणीं नांवानिशीं उल्लेख करणें हा केवळ शिष्टाचार नसून ती एक प्रकारची न्यायबुद्धि आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावें.

पुढें वरच्या वर्गांत शेक्सपियरचीं नाटकें वाचतांना दोन पात्रें समोरासमोर आलीं कीं तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या : यांतील कोणास काय ठाऊक आहे, कोण काय बोलावयाचें टाळीत आहे, आणि ही भेट न होती तर पुढें काय घडलें नसतें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलां म्हणजे नाटकाची कळ तुमच्या हातीं येईल. आणि हिरोनिमो पुस्तक हातांत घेऊन थांबतो तो क्षण आला, कीं तुम्हीहि तेथें थोडें थांबा. दरबारानें त्याचें वेळीं ऐकून घेतलें असतें तर पुढचें रक्त सांडलें नसतें. घरांत, वर्गांत, खेळाच्या मैदानावर कोणी न्याय मागत आला, तर त्याचें म्हणणें आधीं पुरतें ऐकून घ्यावें. किडच्या नाटकांत तें कोणीं केलें नाहीं, आणि किडच्या वांट्यासहि तें आलें नाहीं.